न शिकलेला शेतकरी

शिकवलेलं कुणाला सांगू नका, असं कुठल्याही शिक्षकाने आजवर वर्गात सांगितलं नसेल. टेंबे सरांनी सांगितलं. तेही एकदा नाही. उंबरशेत गावच्या शाळेतल्या खोलीत, भातशेतीच्या वर्गाला बसलेल्या शेतकऱ्यांसमोर उभं राहून त्यांनी ते आधी समजावून, मग विनवून आणि शेवटी हात जोडून सांगितलं. डोंबिवलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना ‘अरे, निदान एकाच्या तरी डोक्यात राहू दे’ असा ज्यांनी आयुष्यभर धोशा लावला, त्यांच्यावर ही वेळ आली होती.

बरं, सरांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तेच त्यांचं दुखणं होतं. ठाण्यातल्या एका संस्थेला जाणून घ्यायचं होतं, की छोट्या शेतकऱ्याला भातलावणीचं नवं शिक्षण दिलं तर त्याचं पीक खरोखर वाढतं, की नुसतीच चहा-बिस्किटं संपतात. संस्थेचा प्रमुख नील हा सरांचा जुना विद्यार्थी. ‘सर, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार,’ असं तो फोनवर म्हणाला. निवृत्त माणसाच्या कानाला या वाक्याइतकं गोड दुसरं काही लागत नाही. फोन ठेवल्यावर सरांनी कारण नसताना इस्त्रीचा शर्ट चढवला आणि घरातच बसून राहिले. प्रयोग कसा करावा हे ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते आणि स्वतः एकही प्रयोग त्यांनी केलेला नव्हता. ही गोष्ट फक्त त्यांच्या पत्नीला, सुहासिनीबाईंना, ठाऊक होती. त्या ती विसरत नसत.

प्रयोग दिसायला सोपा होता. मानपाड्याहून शीळफाट्याकडे जाताना उंच इमारतींच्या मागे जी थोडी भातखाचरं अजून तग धरून आहेत, त्यांतलं उंबरशेत हे एक गाव. गावातल्या निम्म्या शेतकऱ्यांना शिकवायचं, निम्म्यांना नाही. कुणाला शिकवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे वशिल्याला जागा नाही. पीक आलं की दोघांचं तोलायचं. शिकलेल्यांचं जास्त भरलं, तर पुढच्या वर्षी उरलेल्यांचा वर्ग. फरक दिसला नाही, तर वर्ग कायमचा बंद. नीलने हे ठाण्याच्या त्याच्या गारेगार खोलीत बसून सांगितलं तेव्हा सरांनी मान डोलावली. हा नियम त्यांनीच त्याला कधीकाळी शिकवलेला होता.

चिठ्ठ्या देवळात निघाल्या. धोंडीबाला ‘यंदा’ची चिठ्ठी आली. धोंडीबा गावातला जुना शेतकरी, गुडघ्यांनी बेजार झालेला, म्हणून त्याने आपल्या जागी सुनेला, ऐश्वर्याला, बसवायचं ठरवलं. त्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या रतनबाईंना मात्र ‘पुढच्या वर्षी’ची चिठ्ठी निघाली. रतनबाईंचा नवरा कंपनीत पाळ्या करणारा, शेत बाईच बघायच्या. त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, परत डब्यात टाकली आणि दुसरी काढू लागल्या. तसं चालत नाही, हे सरांनी त्यांना संख्याशास्त्राच्या आधारे पटवून दिलं. त्यांना पटलं नाही. पुढच्या वर्षी म्हणजे नक्की का, एवढंच त्यांनी विचारलं.

‘नक्की,’ सर म्हणाले, ‘माझा शब्द.’

आता शब्द देण्याच्या बाबतीत सरांचा इतिहास बरा नव्हता. सोसायटीचे सेक्रेटरी असताना दिवाळीपर्यंत लिफ्ट सुरू होईल असा शब्द त्यांनी चारही मजल्यांना दिला होता. दिवाळी आली आणि गेली. लिफ्ट पुढे कधीतरी सुरू झाली, पण शरमेने सर आजही जिन्यानेच जातात. त्यामुळे त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी रतनबाईंची गोष्ट सांगितली तेव्हा सुहासिनीबाईंनी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. सरांच्या पोटात पहिला गोळा आला तो तेव्हा.

वर्ग सुरू झाला. शिकवायला ऋजुता नावाची, शेतकी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली हुशार मुलगी होती. सर स्वतः वर्गात बसले नाहीत. तोलणाऱ्याने निःपक्ष असावं, त्याने एका बाजूचं ज्ञान डोक्यात भरून घेऊ नये, असं त्यांचं तत्त्व. ते बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर कानात कापसाचे बोळे घालून बसत. रोप किती दिवसांचं, किती अंतरावर, खत कुठे आणि कसं, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते होऊही दिलं नाही. ऋजुता काही सांगायला आली की ते हात वर करून तिला थांबवत.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की आत बसलेले आणि बाहेर राहिलेले हे एकमेकांचे दीर, जावा, मेहुणे आणि व्याही आहेत. एका ओटीवर शिकलेलं दुसऱ्या पडवीत पोचायला वेळ तो काय लागणार? आणि ते पोचलं की दोघांचं पीक सारखं, दोघांचं सारखं म्हणजे फरक नाही, आणि फरक नाही म्हणजे रतनबाईंचा वर्ग नाही. हे गणित सरांना आंघोळ करताना सुचलं आणि ते अर्धवट ओले बाहेर आले.

वर्गापुढे हात जोडून झाले, मग सोसायटीत सल्ले सुरू झाले. सल्ला न मागता मिळतो तो वेगळा, सरांनी तर मागितला होता. सुहासिनीबाई म्हणाल्या, की आपल्याकडे नवा मिक्सर आला तर संध्याकाळपर्यंत तळमजल्याला कळतं, तिथे गावाचं काय घेऊन बसलात. वरच्या मजल्यावरचा केदार मोठ्या कंपनीत आहे. तो म्हणाला, काका, आमच्याकडे कुणाला काही शिकवण्याआधी गुप्ततेच्या कागदावर सही घेतात, सिंपल आहे. सरांना ते फारच पटलं. त्यांनी कागद छापून घेतले आणि वर्गाच्या खिडक्याही बंद करायला लावल्या.

शीळफाट्याच्या परिसरात बंद खिडक्यांची खोली आणि सही करायचा कागद या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्यांचा अर्थ एकच होतो, हे डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला कसं कळावं? सही कुणीच केली नाही. उलट दुपारपर्यंत गावभर झालं, की शाळेत जमिनीचं काहीतरी चाललंय. कुणी म्हणे रस्ता जातोय, कुणी म्हणे टॉवर येतोय, भाताचा वर्ग हा नुसता बहाणा. दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा शाळेपुढे सातबाराचे उतारे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून निम्मं गाव उभं होतं. कल्याणहून एक पांढऱ्या बुटांतला जमिनीचा दलालही मोटार घेऊन आला होता. त्याने सरांना बाजूला घेऊन अगदी आदबीने विचारलं, की तुम्ही नेमके कुठल्या पार्टीचे. आपण कुठल्याच पार्टीचे नाही, संख्याशास्त्राचे आहोत, असं सरांनी सांगितल्यावर तो समजूतदारपणे हसला आणि आपलं कार्ड त्यांच्या खिशात खोचून गेला.

त्याच्या पाठोपाठ महापालिकेच्या कार्यालयातून एक कारकून आला. शाळेत जमाव कुणाच्या परवानगीने, असं त्याचं म्हणणं. सरांनी लगोलग अर्ज केला. पण गाव शहराच्या हद्दीत आल्यापासून त्या कार्यालयात शेती नावाचा विषयच उरला नव्हता. लग्न, धार्मिक, राजकीय आणि सांस्कृतिक, यांतलं एक निवडा, असं सांगण्यात आलं. भातशेतीचा वर्ग सांस्कृतिक ठरला. त्याला ध्वनिक्षेपक लावायचा नाही, वेळेत संपवायचा आणि कार्यक्रमाला अध्यक्ष हवाच, अशा अटी होत्या. अध्यक्ष म्हणून धोंडीबाचं नाव घातलं. त्यानंतर तो रोज स्वच्छ टोपी घालून येऊ लागला आणि समारोपाचं भाषण केल्याशिवाय कुणाला उठू देईना.

अफवा थांबवायची तर खिडक्या उघडाव्या लागल्या. दुसरा इलाजच नव्हता. उघडल्याबरोबर बाहेरचे सगळे खिडक्यांशी येऊन उभे राहिले. आत जमिनीचा विषय निघतो का, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. तो निघेना, म्हणून ते दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी काहींनी पाट आणले. रतनबाई पहिल्या खिडकीत दोन्ही कोपरं टेकून उभ्या असत. ऋजुताने पहिल्या बाकाला प्रश्न विचारला की उत्तर खिडकीतून येई. सर व्हरांड्यातून हे बघत होते. त्यांनी एकदा जाऊन रतनबाईंना सांगितलं, की तुम्ही ऐकू नका, तुमच्याच भल्याचं आहे. ऐकत नाही, नुसती उभी आहे, असं त्या म्हणाल्या. सर परत खुर्चीवर जाऊन बसले.

पेरणीच्या सुमारास गावातल्या दुकानात मीठ संपलं. सरांनी सहज विचारलं, लोणच्याचा मोसम का? दुकानदार म्हणाला, लोणचं कसलं, सगळेजण मिठाच्या पाण्यात बियाणं टाकून बघतायत, पोचट वर येतं म्हणे. सगळेजण म्हणजे कोण, हे विचारायची सरांना छाती झाली नाही. त्यांनी एक सोडा प्यायला आणि रिक्षा पकडली. मेट्रोच्या खांबांपाशी ती नेहमीप्रमाणे अडकली तेव्हा त्यांनी स्वतःची समजूत घातली, की बियाणं म्हणजे काही सगळं नव्हे. खरी कसोटी लावणीला लागेल.

दरम्यान शेतांना ओळख म्हणून पाट्या लावायच्या होत्या. ‘शिकलेले’ आणि ‘न शिकलेले’ अशा पाट्या सरांनी रंगवून आणल्या. संध्याकाळच्या आत ‘न शिकलेले’च्या सगळ्या पाट्या उपटून शाळेच्या दारात टाकलेल्या होत्या. एकाचा मुलगा बीकॉम होता, एकाची सून शिक्षिका, आणि रतनबाई स्वतः दहावी पास. गावात न शिकलेला कुणी आहे असं लिहिणारे हे कोण, असा प्रश्न सरांना विचारण्यात आला. सरांनी त्या पाट्या रिक्षात घालून घरी आणल्या आणि पलंगाखाली सरकवल्या. सुहासिनीबाईंनी अजून त्यांतली एक कचऱ्याची बादली झाकायला ठेवली आहे.

लावणीच्या दिवसांत सर हातात छत्री, पायात रबरी बूट आणि पोटात गोळा घेऊन बांधावर उतरले. रतनबाईंच्या खाचरात बायकांची रांग वाकलेली होती. लांबून पाहिलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, की रांगेच्या पुढे गाठी मारलेली दोरी ताणलेली आहे. ती वर्गातली दोरी होती. एवढं सरांनासुद्धा कळलं, कारण ती संस्थेच्या सामानातून त्यांनीच सही करून आणलेली होती. दोरीच्या एका टोकाला ऐश्वर्या होती आणि दुसऱ्या टोकाला रतनबाई.

सरांनी थांबा, थांबा म्हणत खाचरात पाय टाकला. बूट चिखलात राहिला आणि सर पुढे गेले. बायकांनी त्यांना उचललं, पदराने चष्मा पुसून दिला. कुणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. तशाच अवस्थेत त्यांनी समजावून सांगितलं, की हे शेत यंदा जुन्या पद्धतीनेच लावायचं आहे, दोरी नको, जसं पूर्वी लावायचात तसंच लावा. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांना एक गोष्ट सांगण्यात आली, जी गावात कुणी कुणाला कधी सांगत नाही, कारण ती सगळ्यांना माहीत असते. इथे लावणी सावडीने होते. आज सगळ्याजणी मिळून तुझं शेत, उद्या सगळ्याजणी मिळून माझं. जेवढे हात घेतले तेवढे परत द्यायचे. ‘यंदा’वाल्या आणि ‘पुढच्या वर्षी’वाल्या असे हात वेगळे करता येत नाहीत.

‘सर, काल माझ्या शेतात काकूंनी एकदम मस्त लावलं,’ ऐश्वर्या म्हणाली. ‘आज त्यांच्या शेतात मी मुद्दाम खराब लावू? असं कोण करतं? उद्या तोंड कसं दाखवायचं मी?’

याला उत्तर पुस्तकात होतं, पण ते चिखलात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ते बांधावर जाऊन बसले. थोड्या वेळाने रतनबाईंनी त्यांचा बूट धुऊन आणून दिला आणि चहा घेणार का, म्हणून विचारलं.

तिथून पुढचे महिने सरांनी कसे काढले ते सुहासिनीबाईंनाच विचारावं. पाऊस चांगला झाला की त्यांना धास्ती, कमी झाला की धास्ती. जेवताना भाताकडे बघून ते हात आखडता घेऊ लागले. गौरी-गणपतीत घरच्या आरतीला सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्यांच्याही तोंडून प्रार्थना निघाली: देवा, रतनबाईंचं भात यंदा जरा कमी येऊ दे, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांना शिकायला मिळेल. हे आपण काय मागतोय ते लक्षात येताच त्यांनी डोळे उघडले. एका बाईचं भलं व्हावं म्हणून आपण तिचं वाईट चिंतायला लागलो, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी मोदक खाल्ला नाही. पण प्रार्थना मागेही घेता येईना. मागे घेतली तर भात वाढणार, आणि वाढलं तर शब्द जाणार. शेवटी त्यांनी देवाला एवढंच सांगितलं, की तुला योग्य वाटेल ते कर. तसं सांगितल्यावर तर त्यांना अधिकच भीती वाटू लागली.

कापणीला तोलायची वेळ आली. प्रत्येक शेतात एका मापाची चौकट टाकायची, तिच्यात येईल तेवढंच भात कापायचं, झोडायचं आणि तोलायचं. चौकट प्लास्टिकच्या पाइपांची होती आणि ती रिक्षात मावत नव्हती. मानपाड्याच्या सिग्नलला ती बाहेर आली आणि एका स्कूटरवाल्याच्या गळ्यात पडली. संस्थेचा तराजू मिळवायला सामानाच्या विभागाची सही लागत होती आणि सही करणारे गृहस्थ गावाला गेले होते. शेवटी सरांनी सोसायटीत येणाऱ्या रद्दीवाल्याचा तराजू उसना नेला. चौकट डोळे मिटून भिरकवायची असते, म्हणजे चांगली जागा मुद्दाम निवडल्याचा संशय राहत नाही. सरांनी डोळे मिटून भिरकावली ती पहिल्यांदा नाल्यात गेली आणि दुसऱ्यांदा धोंडीबाच्या अंगावर. अध्यक्षांनी त्यावरही चार शब्द बोलून घेतले.

आकडे आले. दोन्हीकडचं भात सारखं. रतनबाईंचं तर ऐश्वर्यापेक्षा चिमूटभर जास्तच. गावात सगळे खुशीत होते, इतकं भरघोस भात बऱ्याच वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. एकटे सर तराजूपाशी बसून होते. रतनबाईंनी त्यांना विचारलं, की आमचा वर्ग कधीपासून. बघतो, असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

आकडे घेऊन सर ठाण्याला गेले. नीलने आदराने खुर्ची दिली, चहा मागवला, आकडे पाहिले. मग तो जरा ओशाळूनच म्हणाला, ‘सर, तुम्हीच शिकवलंत. फरक नाही म्हणजे परिणाम नाही.’

‘अरे, फरक नाही,’ सर म्हणाले, ‘कारण गावात न शिकलेला माणूसच उरला नाही.’

त्यांनी खिडक्यांची हकीकत सांगितली, मिठाची सांगितली, सावडीची सांगितली. गेल्या वर्षीपेक्षा साऱ्या गावाचं भात वाढलंय, हेही सांगितलं. नील म्हणाला, गेल्या वर्षीचा पाऊस वेगळा होता, त्याच्याशी तुलना चालत नाही, हेही सर, तुम्हीच. सरांना आपल्या शिकवण्याचा पहिल्यांदाच राग आला. नीलने पुढे फार सौम्यपणे मांडलं, की शिक्षणाचा उपयोग झाला नसेल तर पुढचा वर्ग कशाला, आणि तुम्ही म्हणता तसं सगळेच शिकले असतील तर पुढचा वर्ग कुणाला. दोन्हीकडून पाहिलं तरी वर्ग बंद. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा तो एवढं म्हणाला, की फरक दाखवायला एक तरी न शिकलेला शेतकरी आणा, सर, मग पुन्हा बोलू.

रतनबाईंना सांगायला सर दुसऱ्याच दिवशी गेले. आणखी एक दिवस थांबले असते तर त्यांना ताप आला असता. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि वर म्हणाले, की तसं तुम्हाला आता सगळं येतंच, पीकही उत्तम आलं, तेव्हा नुकसान असं काही नाही. रतनबाई सुपातलं भात निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

‘भात येतं मना,’ त्या म्हणाल्या. ‘पन मी खिडकीत उभी राहून शिकले, सर. पाय भरून येत. मना आत बसाचाय. तुमी शब्द दिलेला.’

सोसायटीत लिफ्टवरून चार मजले त्यांच्याशी भांडले होते, पण त्यांना इतकं कधी लागलं नव्हतं. परत येताना त्यांनी रिक्षातूनच ऋजुताला फोन केला. पैसे नाहीत, परवानगी नाही आणि संस्थेचा संबंध नाही, असं तिला सांगितलं. रविवारी येते, ती म्हणाली, बादली मात्र तुम्ही आणा.

त्या रविवारी उंबरशेतच्या शाळेत ‘पुढच्या वर्षी’वाल्यांचा वर्ग भरला. रतनबाई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या बाकावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. ऋजुताने मिठाच्या पाण्यापासून सगळं पुन्हा शिकवलं. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला येत होती आणि तरी सगळे अशा उत्सुकतेने ऐकत होते, जणू पुढे काय होणार ते ठाऊकच नाही. खिडक्यांत ‘यंदा’वाले येऊन उभे राहिले होते. ऐश्वर्या फोनवर शूटिंग करत होती. धोंडीबा आपणहून अध्यक्षस्थानी बसला. सर नेहमीप्रमाणे व्हरांड्यात, कानात कापूस घालून. पण त्या दिवशी त्यांच्या पोटात गोळा नव्हता, आणि गोळा नसण्याची सवय नसल्यामुळे त्यांना जरा चुकल्यासारखं होत होतं.

वर्ग संपल्यावर त्यांना दोन शब्द बोलायला आत बोलावलं. सरांनी कापूस काढला, घसा साफ केला आणि म्हणाले, मागे मी उलटं सांगितलं होतं, ते विसरा. इथे शिकलेलं सगळ्यांना सांगा.

‘आता सांगाचा कोनाला?’ रतनबाई म्हणाल्या. ‘उरलाय कोन, सर?’

मग एकेक करून सगळे सरांकडे बघू लागले. आतले बघू लागले, खिडकीतले बघू लागले, अध्यक्षही बघू लागले. सरांनी मागे वळून पाहिलं. मागे फळा होता.

ठरलं ते रतनबाईंच्या ओटीवर, चहा पिताना. पुढच्या लावणीला त्यांच्या खाचराचा एक कोपरा सरांनी लावायचा, आपल्या मनाला येईल तसा. पीक आलं की सरांचं तोलायचं आणि गावाचं तोलायचं, आणि जो फरक दिसेल तो ठाण्याला पाठवायचा, म्हणजे शेजारच्या गावांत तरी वर्ग निघेल. एका माणसावरून निष्कर्ष काढणं हे संख्याशास्त्रात पाप आहे, हे सरांना पुरतं ठाऊक होतं. पण त्यांनी अंगणातूनच नीलला फोन लावून सांगितलं, की न शिकलेला शेतकरी मिळाला. कोण, असं त्याने विचारलं. सर म्हणाले, तुझ्या ओळखीचा आहे.

फोन ठेवला आणि गोळा परत आला. लावणीला अजून कितीतरी महिने होते आणि तोवर आपल्याला काही कळता कामा नये. या गावात ते कसं जमणार? निघताना रतनबाई बांधापर्यंत आल्या. बाकी काही सांगत नाही, फक्त रोप उपटताना एवढंच बघा, असं त्यांनी सुरू केलं. सर कानांवर हात ठेवून भराभरा चालू लागले. वाटेत धोंडीबाने त्यांना खताबद्दल गाठायचा प्रयत्न केला. ऐश्वर्याचा व्हिडिओ फोनवर येऊन पडला होता, तो त्यांनी डोळे मिटून पुसला. रिक्षात बसल्यावर त्यांनी पुन्हा कापूस घातला आणि मानपाडा येईपर्यंत काढला नाही.

तीन मजले जिन्याने चढून घरी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. सुहासिनीबाईंनी पाणी दिलं, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पलंगाखालची ‘न शिकलेले’ पाटी काढून पुसून ठेवली. ऐश्वर्याची आणि त्यांची गणपतीत फोनवर ओळख झाली होती आणि तो व्हिडिओ त्यांनाही आला होता, हे सरांना माहीत नव्हतं.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘एका ठिकाणी दोन-तीनच रोपं लावायची हं.’